खिळा न मारता

माझ्या भाडेकरारात एक कलम आहे. भिंती, फरशी, ओटा यांत कोणताही कायमस्वरूपी बदल करायचा नाही आणि मुदत संपली की घर जसं ताब्यात मिळालं तसं परत द्यायचं. हे कलम सगळ्यांच्याच करारात असतं आणि बहुतेक भाडेकरू ते न वाचताच मशीनवर अंगठा टेकवतात. मी मात्र दर नूतनीकरणाला ते नीट वाचते. माझा व्यवसायच तसा आहे. डोंबिवलीजवळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भारतीय तत्त्वज्ञान शिकवते. नोकरी सत्रापुरती, घर अकरा महिन्यांचं. अनित्यतेवर बोलायला या बाईंइतकं पात्र कुणी नाही, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. मीही हसते.

पण स्वयंपाकघरात उभी राहिले की हे सगळं तत्त्वज्ञान डळमळतं. ओटा कडाप्प्याचा, कडेला टवका उडालेला. मागच्या टाइल्स पिवळट, त्यावर तपकिरी फुलं, तीही चार टाइल्स सोडून एकेक, जणू छापणाऱ्याचा मूड गेला होता. ओट्यावर एकही फळी नाही. आधीच्या भाडेकरूने शेगडीमागे संगमरवरी छापाचा चिकट कागद लावला होता. तो निघून गेला, पण त्याचा डिंक राहिला आणि त्या डिंकावर वर्षभराची धूळ आणि फोडणीचं तेल. तो खोबरेल तेल चोळून, जुन्या एटीएम कार्डाने खरवडून मी काढला. आई मागे खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, “परक्या घराला कशाला गं एवढा जीव लावतेस?”

प्रश्न साधा होता, पण मी वर्गात ज्याला आसक्ती म्हणते तेच ती विचारत होती. जे आपलं नाही आणि कधी होणारही नाही, त्याची किती काळजी घ्यावी? काळजी घेणं म्हणजेच गुंतणं का?

भाडेकरूंसाठी हल्ली एक अख्खा बाजारच उभा राहिला आहे आणि त्याचं सगळं गिऱ्हाईक या प्रश्नावरच चालतं. टाइल्सवर चिकटवायचे स्टिकर, कपाटांच्या दारांवर लावायचा लाकडी रेघांचा व्हिनाइल कागद, शेगडीमागे फॉइलचा पत्रा, खिळा न मारता लागणारे हुक, दोन भिंतींमध्ये स्प्रिंगच्या दाबाने अडकणारे दांडे, फरशीवर पसरायचं पीव्हीसीचं मॅट. सगळ्यांचं वचन एकच: घर बदलेल आणि जाताना कुणाला कळणारही नाही. यातलं बरंच मला ठाऊक आहे, कारण माझ्या तीन सहकारी या बाजाराच्या भक्त आहेत. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी लावली तर ती निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते, म्हणून हुक टाइलवरच लावावा. कागद शेगडीच्या आचेजवळ नको. कडा सुटतात आणि आत तेल शिरतं. जुना स्टिकर हेअर ड्रायरने ऊब देत सोलावा. आणि हुकाची पट्टी आपल्याकडे ओढायची नाही, ती भिंतीला समांतर, सरळ खाली ताणायची. ती रबरासारखी लांबत जाते आणि अलगद सुटते. भिंतीवर ओरखडाही राहत नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गीतेवरच्या पुढच्या तासाला ही पट्टी घेऊन जायचा मोह झाला होता. धरून ठेवायचं आणि वेळ आली की सुटायचं. मोह आवरला, कारण मुलांनी परीक्षेत तेच लिहिलं असतं.

आपल्या परंपरेत घर सोडण्यावर पुष्कळ लिहिलेलं आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घरातून निघताना मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघींत वाटणी करायला बसतो. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का? तो नाही म्हणतो आणि मग तो प्रसिद्ध संवाद सुरू होतो. हे शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, कात्यायनीचं काय झालं?” मला उत्तर देता आलं नाही, कारण उपनिषदच देत नाही. कात्यायनीच्या तोंडी तिथे एक वाक्यही नाही. तिची समज बायकांची होती एवढीच नोंद आहे. म्हणजे घर, चूल, गोठा, जे काय होतं ते तिच्याकडे आलं असणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी चूल पेटवायची होती, ती तिने पेटवली असणार. मी दरवर्षी हा संवाद मनापासून शिकवते, पण माझं मन कात्यायनीकडे असतं हे आता मान्य करते.

याज्ञवल्क्याकडे सोडायला घर होतं. सिद्धार्थाकडे तर राजवाडा होता. ज्याच्या नावावर सातबारा नाही, इंडेक्स टू नाही, त्याने काय सोडायचं? भाडेकरू त्यागी म्हणवून घेऊ शकत नाही आणि मालक तर नाहीच. ग्रंथांनी त्याच्यासाठी फारसं काही ठेवलेलं नाही. बाईचं त्याहून गमतीचं आहे. माहेरी तिला सांगतात, हे परक्याचं धन. सासरी तिला सांगतात, आमच्यात असं करत नाहीत. वडिलार्जित घरात मुलीला वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि देशाने २००५ मध्ये. त्याआधी शेकडो वर्षं आमच्या आज्या-पणज्या आयुष्यभर परवानगीनेच स्वयंपाकघरात राहिल्या आणि तिथल्या कोपऱ्यान्‌कोपऱ्याला त्यांनी जीव लावला. माहेराहून आलेली पितळी अन्नपूर्णा तेवढी त्यांची. ती कुठेही नेता येत असे.

आईचा प्रश्न म्हणूनच मला थोडा खटकला. कारण स्वतः तिने परक्या घराला किती जीव लावला ते मी पाहिलं आहे. ती लालबागच्या चाळीत वाढली आणि लग्न होऊन त्याच चाळीत दोन मजले वर गेली. पागडीची खोली. मालक कुणीतरी होता, त्याच्या वतीने मेहताजी भाड्याची पावती फाडायला येत. पण आईने त्या खोलीत काय काय ठोकलं होतं! भांड्यांची मांडणी, डाळींच्या डब्यांसाठी दोन फळ्या, मोरीच्या वर चौकट, पोटमाळा, देवांसाठी कोनाड्याला दारं. एकदाही मेहताजींना विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण १९४७ च्या भाडे कायद्याने तिला तिथून हलवणं जवळजवळ अशक्य करून ठेवलं होतं. ती भाडेकरू होती, पण तिचे खिळे मालकाचे होते असं म्हणायला हरकत नाही.

घरमालकांना खिळ्याची जी धास्ती बसली आहे तिचं मूळही इथेच आहे. लिव्ह अँड लायसन्सवर जागा देणाऱ्यांना वाटायचं की आपण फक्त परवानगी देतोय. मग १९७३ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ज्यांच्याकडे चालू लायसन्स होतं त्यांना कायद्याने भाडेकरूच मानलं. रातोरात परवानगीचा हक्क झाला. मालकांच्या एका पिढीने ते लक्षात ठेवलं आणि पुढच्या पिढीला सांगितलं. १८८२ च्या ईझमेंट कायद्याचं साठावं कलम तर त्याहून बोलकं आहे: दिलेली परवानगी एरवी मागे घेता येते, पण परवानगीच्या आधारावर कुणी स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर ती सहजी मागे घेता येत नाही. त्याच्या अटी-शर्ती अनेक, वकील त्यावर संध्याकाळभर बोलतील. मला त्यातलं एवढंच भिडलं की कायद्यालाही हे ठाऊक आहे: माणूस जिथे कष्ट ओततो तिथे त्याचा काहीतरी हक्क उगवतो. म्हणून तर मालक म्हणतो, कष्ट ओतू नका. ओतायचेच असतील तर सोलून नेता येतील असे ओता.

मग काय करायचं? हात बांधून बसायचं? काही भाडेकरू तसं करतात. त्यांच्या घरात खोकी अर्धवट उघडलेली असतात, बल्ब उघडा लोंबत असतो, आणि विचारलं की उत्तर तयार: आपलं थोडंच आहे. याला वैराग्य म्हणायला मी तयार नाही. हा रुसवा आहे.

मला या प्रश्नाचं सगळ्यांत समजूतदार उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडलं, भिक्षूंच्या नियमावलीत. विद्यार्थ्यांना घेऊन कान्हेरीला गेलो होतो. तिथल्या लेण्यांत कोठड्या आहेत, आत दगडातच कोरलेले बाक आहेत, बाहेर पाण्याची टाकी आहेत. दान देणाऱ्यांनी भिंतींवर आपली नावं आणि गावं कोरून ठेवली: कल्याण, सोपारा, नाशिक. पश्चिम भारतातल्या अशा लेखांत दान कुणाला दिलं ते सांगणारा एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो: चारी दिशांच्या संघाला. म्हणजे आज इथे आहे त्यालाही, उद्या कुठून येईल त्यालाही. त्या कोठडीत झोपणारा प्रत्येक भिक्षू भाडेकरूच होता, फक्त भाडं नव्हतं.

आणि अशा माणसासाठी विनयपिटकात नियम आहे. पाचित्तिय नावाच्या नियमांतला चौदावा. संघाच्या मालकीची खाट, बाक, गादी किंवा आसन उघड्यावर मांडून भिक्षू निघून गेला आणि जाताना ते उचलून ठेवलं नाही, कुणाला ठेवायला सांगितलं नाही, किंवा कुणाच्या कानावरही घातलं नाही, तर तो दोष. पंधरावा नियम तेच विहाराच्या आतल्या अंथरुणाबद्दल सांगतो. चौदाव्यासोबत आणखी एक बारीक सूचना येते. पावसाचे महिने सोडून उरलेल्या आठ महिन्यांत सामान मंडपात किंवा झाडाखाली ठेवायला हरकत नाही, पण झाड असं बघा की जिथे कावळे-घारी वरून घाण करत नाहीत.

कावळ्यांचं हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. जगातलं सगळं अनित्य आहे, अनात्म आहे असं सांगणारा बुद्ध सामान्य बाकावर कावळा घाण करणार नाही ना याची चौकशी करतो! पण विचार करा, यात विसंगती कुठे आहे? ज्याच्याकडे तीन चीवरं आणि एक पात्र, त्यालाच हा नियम सांगावा लागतो. स्वतःचा बाक उन्हात टाकला तर नुकसान स्वतःचं. संघाचा टाकला तर जो अजून आलाच नाही त्याचं. माझं नाही म्हणून मी जास्त जपायचं, असा हा उलटा हिशोब आहे, आणि मला तो आईच्या ‘परक्या घराला कशाला’पेक्षा पटतो. टाइलवरचा डिंक मी कुणासाठी खरवडत होते ते मला कान्हेरीनंतर कळलं. जो आधी राहून गेला त्याने माझा विचार केला नव्हता.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो. भाड्याच्या घरातही येतो, ओट्याला लागून टेबल मांडतो त्यावर. मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची. प्राणप्रतिष्ठा होते, एकवीस मोदक उकडले जातात, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की देव गेला, उरली ती माती. पाहुणा दीड दिवसाचा म्हणून मोदकाच्या कळ्या कमी पाडाव्या असं आईला कधी वाटलेलं नाही. हे मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, “देवाची गोष्ट वेगळी.” मला ती वेगळी वाटत नाही. मुदत ठरलेली असताना जीव ओतायचा आणि मुदत संपली की स्वतःच्या हाताने उचलायचं, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही दरवर्षी करून दाखवलं जातं.

इथपर्यंत सगळं त्या बाजाराच्या बाजूने आहे. लावा, सजवा, जाताना सोला. मलाही असंच वाटत होतं, पण मग मी सोललेल्या कागदाकडे बघितलं.

आधीच्या भाडेकरूच्या कागदाचे कपाटाच्या दारावर राहिलेले तुकडे मी काढले तेव्हा त्यांची केवढीतरी मोठी गुंडाळी झाली. भंगारवाल्याने हात लावला नाही. रद्दी घेतो, लोखंड घेतो, दुधाच्या पिशव्याही घेतो, पण हा डिंकाचा कागद कुणी घेत नाही म्हणाला. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. त्यावर छपाई, मागे डिंक, कधी फॉइलचा थर. हे एकमेकांपासून सुटं करणं कुणाला परवडत नाही. जाळलं तर क्लोरीनचा विषारी धूर. म्हणून ते सुक्या कचऱ्यात गेलं आणि तिथून डंपिंग ग्राउंडवर, आणि तिथे ते माझ्या, मालकाच्या आणि बहुधा त्या इमारतीच्याही नंतर राहील. घरमालकाची भिंत कोरी झाली. पाऊलखुणा फक्त डोळ्यांआड गेल्या.

मूर्तीचंही हेच झालं होतं ना? शाडूची विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिसची विरघळत नाही; वरून दोघींचं विसर्जन सारखंच दिसतं. मखराचा थर्माकोल २०१८ मध्ये राज्यात बंद झाला तेव्हा सजावटवाले खूप चिडले होते, पण थर्माकोल ‘काढता’ येतो एवढ्यावर त्याचा निकाल लागत नव्हता. काढून कुठे ठेवता, हे विचारायचं राहिलं होतं.

म्हणजे प्रश्न मालक कोण यावर येऊन थांबतो. घर जसं मिळालं तसं परत द्यायचं, पण कुणाला? करारात एक नाव लिहिलेलं आहे, पॅन नंबरसह. ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र दुसरंच नाव सांगतो. इथे जे जे काही हलतं-चालतं ते सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून सोडत सोडत भोगा आणि कुणाच्या धनाची हाव धरू नका, असा त्याचा आशय. १९३७ मध्ये त्रावणकोरच्या दौऱ्यात गांधीजींनी या एका मंत्रावर भाषणं केली. बाकी सगळे ग्रंथ नष्ट होऊन हा एवढाच उरला तरी हिंदू धर्म जगेल, इतका त्यांना तो पुरेसा वाटत होता. विनोबांनी ईशावास्यावर वृत्ती लिहिली आणि पुढे जमीनदारांच्या दारात जाऊन जमीन मागितली. मी तेवढी मोठी नाही. पण या मंत्रापुढे माझा घरमालकही लायसन्सवरच आहे, त्याची मुदत फक्त अकरा महिन्यांहून लांब. आणि परत देताना मला भिंतीबरोबर डंपिंग ग्राउंडचाही हिशोब द्यायचा आहे. चारी दिशांच्या संघात डंपिंगच्या काठावर राहणारेही येतात.

म्हणून माझ्या स्वयंपाकघरात मी टाइल्सवर काही चिकटवलेलं नाही. ती तपकिरी फुलं मला आवडत नाहीत, पण ती कुणाचं काही बिघडवत नाहीत. ओट्याखाली, जिथे दारं नव्हती, तिथे दांडा अडकवून आईच्या विरलेल्या इरकलीचा पडदा टाकला आहे. डब्यांसाठी पायांवर उभं राहणारं स्टीलचं रॅक घेतलं. ते पुढच्या घरी येईल आणि न आलं तर भंगारवाला आनंदाने घेईल. देवांची फळी मात्र चिकट हुकावर टांगायला आईने साफ नकार दिला. पाकिटावर किती वजन पेलेल ते लिहिलेलं असतं, तिने अन्नपूर्णा हातात तोलून बघितली आणि म्हणाली, “देव पट्टीवर नाही राहणार.” देव सध्या फ्रिजवर आहेत.

या फळीवरूनच मी खिळ्याकडे परत आले. एक खिळा, फार तर दोन. काढल्यावर जे भोक उरतं त्यात चिमूटभर लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची आणि रंगाचा एक हात मारायचा. रंगारी हे बोलता बोलता करतो. भोकाचं हे नुकसान भरून येतं, आणि तिथल्या तिथेच. त्याच भोकाच्या भीतीने आपण मीटरच्या मीटर प्लास्टिक भिंतीला चिकटवतो, सोलतो आणि फेकतो. मालकाची बाजू मला कळते. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट असतो, म्हातारपणची काठी असते, आणि त्याने वाईट भाडेकरूही पाहिलेले असतात. मीही वाईट मालक पाहिला आहे. आमच्या आधीपासून भिंतीत असलेल्या भोकांचे पैसे एकाने आमच्या डिपॉझिटमधून कापले होते. पण वापराने होणारी वाजवी झीज कायदासुद्धा मान्य करतो. १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, भाडेकरूने घर चांगल्या स्थितीत परत द्यावं असं सांगताना ती झीज वगळली आहे. माणूस राहिला की घर थोडं झिजणारच.

तेव्हा घरमालकांना विनंती आहे. पुढचा करार कराल तेव्हा त्या कलमात एक ओळ वाढवा: ओट्यावर आणि देवांच्या भिंतीला मिळून चार खिळे मारायला परवानगी, जाताना भाडेकरूने भोकं बुजवून द्यावीत. ती ओळ तुमच्या मालकीला काडीचाही धक्का लावणार नाही. वाटल्यास तसंही लिहा, आम्ही खाली सही करू. लांबीचा डबा माझ्याकडून.